कबुतरांच्या जाळीत अडकलेली ससाण्याची मादी : फाल्कनरीचे कसब मुंबईत कुठवर वापरावे?

पार्श्वभूमी

मध्य मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, तसे बहिरी ससाण्याला हिवाळ्यात बसायला उंच कडे आयते मिळाले आणि त्या कड्यांच्या पायथ्याशी कबुतरांचा न संपणारा शिधाही मिळाला. उत्तर आशियातील टुंड्रा प्रदेशातून ऑक्टोबरच्या सुमारास येणारे आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतणारे हे पाहुणे ठाणे खाडीवर चिखलपक्षी टिपतात, तर शहरात कबुतरे. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन हा याच जातीचा स्थानिक भाऊबंद. दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे कायद्याने देता येईल तेवढे संरक्षण त्यांना आहे.

पुढे वर्णिलेल्या प्रकरणातील इमारत, उपचार केंद्र आणि व्यक्ती यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रकरण एका पक्ष्याचे असले, तरी त्यातला प्रश्न मोठा आहे. शिकारी पक्षी पकडून, शिकवून त्यांच्याकरवी शिकार करण्याची जी कला जग फाल्कनरी म्हणून ओळखते, तिला आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर जागा उरली नाही, आणि ते योग्यच झाले. मात्र त्याच कलेतून तयार झालेली हातांची विद्या जखमी पक्षी पुन्हा रानात सोडण्यासाठी लागते, तेव्हा ती कोणाकडे मागायची?

ही विद्या संवर्धनाच्या कामी आल्याची उदाहरणे परक्या देशांतली आहेत, पण ती ठोस आहेत. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा नाहीसा झाला, तेव्हा टॉम केड यांनी १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पेरेग्रिन फंड या बहिरी ससाणा वाचवणाऱ्या संस्थेचे काम सुरू केले. ते स्वतः ससाणे उडवणारे होते. प्रजननासाठी लागणारे अनेक पक्षी फाल्कनरी करणाऱ्यांनी स्वतःकडचे दिले. पिल्लांना उंचावरील पेटीत ठेवून, माणूस दिसू न देता खाद्य पुरवत हळूहळू स्वतंत्र करण्याची पद्धतही त्यांच्याच जुन्या रिवाजातून आली. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ मध्ये हा पक्षी त्या देशाच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. मॉरिशसचा केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात अवघा चारवर आला होता. तिथेही कार्ल जोन्स यांनी याच परंपरेतील तंत्रे वापरून त्याची संख्या शेकड्यांवर नेली.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आखाती देशांतील मागणीपायी मध्य आशियातील चरग (सेकर) ससाण्याची बेसुमार धरपकड झाली आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत ती ठळकपणे मोजली जाते. त्याच मागणीच्या प्रदेशातून, अबू धाबीतून, मंगोलियात चरगासाठी ५,००० कृत्रिम घरटी उभारायला पैसा गेला, ही पुढची गोष्ट. युनेस्कोने २०१० मध्ये फाल्कनरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, पण वारसा म्हणून मिळालेल्या मानाने एकाही पक्ष्याची तस्करी थांबत नाही. त्यामुळे फाल्कनरी संवर्धनाला तारक की मारक, असा सरसकट प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. पक्षी कोणाच्या हातात आहे, किती काळ आणि कशासाठी, यावर सगळे ठरते.

घटना

डिसेंबरच्या अखेरीस मध्य मुंबईतील एका टॉवरच्या रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबण्यासाठी राखलेल्या उघड्या जागेत, कबुतरे येऊ नयेत म्हणून लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक मोठा पक्षी फडफडताना वॉचमनला दिसला. कबुतराचा पाठलाग करताना तो थेट जाळीवर आदळला असावा. वॉचमनने घार समजून जाळी कापली, त्याच्यावर गोणपाट टाकले आणि सोसायटीच्या सचिवांना फोन केला. सचिवांनी हेल्पलाइनवर कळवले. कायद्याच्या कलम ३९ नुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आल्यावर ४८ तासांच्या आत कळवावे लागते. इथे ते काही तासांतच झाले. येथपर्यंत सारे व्यवस्थित होते.

पक्षी मात्र त्या रात्री एका उपचार केंद्रात तारेच्या पिंजऱ्यात राहिला. सकाळी पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासले, तेव्हा डाव्या पंखाची बाहेरची चार उड्डाणपिसे तुटलेली होती, खांद्याला मुका मार होता, पण क्ष-किरण तपासणीत हाड शाबूत निघाले. शेपटीच्या बारा पिसांपैकी पाच मात्र मधोमध मोडली होती. आदल्या दिवशी वॉचमनने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात शेपटी अखंड दिसते. म्हणजे पंख जाळीने मोडला आणि शेपटी पिंजऱ्याने. घाबरलेला ससाणा तारेला लटकतो, शेपटी तारांच्या चौकटींत अडकते आणि तो उडी मारतो तेव्हा पिसे काडीसारखी तुटतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असे. तुटलेले तुकडे सकाळच्या झाडलोटीत कचऱ्यात गेले होते. ते किती मोलाचे होते, हे पुढे कळले.

पोटावर उभ्या तपकिरी रेघा होत्या, म्हणजे पक्षी पहिल्याच वर्षाचा, आणि आकारमानावरून मादी. फिक्या रंगावरून आणि गालावरच्या निमुळत्या काळ्या पट्ट्यावरून ती स्थलांतर करणारी, टुंड्राकडची असल्याचे जाणकारांनी सांगितले. ही ओळख निव्वळ पक्षीनिरीक्षकांच्या हौसेची बाब नव्हती. शाहीन असता तर वेळ हाताशी होता. ही मादी मार्चमध्ये निघणार होती.

पेच

तुटलेले पीस हाडासारखे जुळून येत नाही. ते केसासारखे मृत असते आणि पुढची पीसगळ होऊन नवे उगवेपर्यंत तसेच राहते. पहिल्या वर्षाच्या ससाण्याची पीसगळ पुढच्या उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळाभर चालते. तोवर थांबायचे तर पक्ष्याला मुंबईच्या दमट हवेत ऐन पावसाळा बंदिस्त काढावा लागणार होता. बंदिवासातल्या ससाण्यांना दोन गोष्टी हमखास छळतात : फुप्फुसांत आणि वायुकोशांत होणारा बुरशीचा संसर्ग, आणि सतत एकाच तऱ्हेच्या बैठकीवर बसून तळव्याला होणारे गळू. दोन्ही जिवावर बेततात, आणि पहिला तर लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

उलट तशीच सोडावी तर ती उडाली असती, पण वेगाने झेपावून शिकार करू शकली नसती. बहिरी ससाण्याचे सूर मारणे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाते. पंखाचे टोक आणि शेपटीचे सुकाणू दोन्ही गमावलेला पक्षी त्या वेगात स्वतःला सावरू शकत नाही. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक ससाणे तसेही मरतात. हिची गणना त्यांतच झाली असती.

विचारात घेतलेले पर्याय

वन विभागाच्या अधिकारी, डॉक्टर आणि एक पक्षी-अभ्यासक यांच्या बैठकीत चार पर्याय समोर आले. विश्रांतीनंतर लगेच सोडणे आणि पीसगळ होईपर्यंत ठेवणे, या दोहोंतील धोके वर आलेच आहेत. तिसरा पर्याय कायमचा प्राणिसंग्रहालयात देण्याचा होता. उडण्याची शक्यता असलेल्या पक्ष्याबाबत तो सर्वांनीच बाजूला ठेवला. चौथा होता पीसजोडणीचा. गळालेल्या किंवा मृत पक्ष्याच्या पिसांतून जुळते पीस निवडून ते तुटलेल्या पिसाच्या पोकळ खुंटात बसवायचे आणि मग दोरीवर उडवून पक्ष्याला ताकद आणायची. हे दोन्ही उपाय फाल्कनरीतले आहेत.

पाचवा पर्याय बैठकीबाहेरून आला. सोसायटीच्या काही सदस्यांनी सुचवले की मादी बरी झाल्यावर तिला सोसायटीनेच सांभाळावे, एक माणूस पगारावर ठेवावा आणि कबुतरांचा बंदोबस्त करून घ्यावा. परदेशांतल्या विमानतळांवर असे ससाणे ठेवतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नाही. पण तिथले ते पक्षी बहुधा बंदिवासात जन्मलेले आणि परवान्यावर पाळलेले असतात. आपल्याकडे पहिल्या अनुसूचीतला रानपक्षी कोणालाही असा बाळगता येत नाही. शिवाय कबुतरांच्या घशातल्या परजीवीचा संसर्ग ससाण्याला होतो आणि त्याचे तोंड सडते, हे फाल्कनरी करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अधिकाऱ्यांनी सचिवांना लेखी नकार कळवला. हा प्रस्ताव हसण्यावारी न नेता लेखी नाकारला, हे मला महत्त्वाचे वाटते. तोंडी नकाराला मुंबईत कोणीतरी पुन्हा फोन करतो.

निर्णयाचे टप्पे आणि कार्यवाही

चौथा पर्याय ठरला, पण तो करणार कोण? डॉक्टरांनी पीसजोडणी घारींवर एक-दोनदा केली होती. दोरीवर ससाणा उडवण्याचा अनुभव शहरात कोणाकडे शोधायचा, हा खरा अडसर होता. अखेर माहितीतून माहिती निघत रायगड जिल्ह्यातील एका वृद्ध गृहस्थांचे नाव पुढे आले. आखातात ससाण्यांच्या देखभालीत त्यांची हयात गेली होती आणि आता ते मुलाकडे मुंब्र्याला राहत होते. सारे त्यांना चाचाच म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी पंखाकडे पाहिलेच नाही. "मॅडम, शेपटीला आधी कागद गुंडाळा. पंखाचं मग बघू," एवढेच ते म्हणाले आणि जाड कागद ओला करून, शेपटीभोवती लपेटून चिकटपट्टीने बंद करून मोकळे झाले. उरलेली सात पिसे त्या कागदाने वाचली. मग त्यांनी मापाने शिवलेली चामडी टोपी मादीच्या डोळ्यांवर चढवली. इतका वेळ चोच उघडी ठेवून धापा टाकणारी मादी मिनिटभरात शांत झाली. नायलॉनच्या दोऱ्याने वाकलेली दोन पिसे त्यांनी कढत पाण्यात क्षणभर बुडवून सरळ केली. डॉक्टरांनी हे सगळे नोंदवून घेतले.

पहिला अवघड निर्णय कागदोपत्री होता. पायात चामडी पट्टे, डोळ्यांवर टोपी आणि हातमोज्यावर बसलेला पहिल्या अनुसूचीतला पक्षी, हे चित्र बाहेरच्याला पाळीव पक्ष्याचेच वाटणार. अधिकाऱ्यांनी म्हणून परवानगीच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या : हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालील उपचाराचा भाग आहे, पक्षी रात्री केंद्राबाहेर राहणार नाही, आणि फेब्रुवारीअखेर ही परवानगी आपोआप संपेल. शेवटच्या अटीवर थोडी चर्चा झाली, कारण उपचार लांबला तर पुन्हा अर्ज करावा लागणार होता. तरी अट ठेवली गेली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. बाळगणे आणि बरे करणे यांतली रेघ हातमोज्यावर उमटत नाही, ती कागदावर तारखेनिशीच आखावी लागते.

दुसरा पेच पिसांचा. मृत बहिरी ससाण्याचे पीसही सरकारी मालमत्ताच, आणि पहिल्या अनुसूचीतल्या मृत पक्ष्याचे शवविच्छेदनानंतर दहन करण्याची रीत असल्याने केंद्राकडे एकही पीस शिल्लक नव्हते. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राने अभ्यासासाठी परवानगीने जपून ठेवलेला एका मादीचा पंख आणि शेपटी होती. ती इकडे यायला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयातून मंजुरी लागली आणि त्यात संक्रांत उलटून गेली. त्या दिरंगाईचा एक फायदाही झाला. संक्रांतीच्या आसपास मांजाने आकाश भरलेले असताना पक्षी उडवण्याचा मोह टळला आणि खांद्याला विश्रांती मिळाली. कचऱ्यात गेलेले शेपटीचे तुकडे हाती असते, तर निदान शेपटीसाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नसती, कारण मोडलेला तुकडा त्याच पिसाला जोडता येतो.

जोडणीच्या दिवशी भूल दिली गेली. टेबलावर दाता-पिसे क्रमाने मांडलेली होती. डाव्या पंखाला डाव्याच पंखाचे, सातव्या पिसाला सातवेच पीस लागते, नाहीतर हवेत पंख एकसंध फळीसारखा राहत नाही. चाचांनी बांबूच्या चिवट कामटीतून टाचणीपेक्षा थोड्या जाड खुंट्या तासल्या होत्या आणि त्या गोल न ठेवता तीनधारी ठेवल्या होत्या, म्हणजे पीस देठात गरगर फिरत नाही. पक्ष्याचे पीस मुळापासून काही अंतर राखून कापायचे, खुंटी अर्धी त्यात आणि अर्धी नव्या पिसात सारायची, दोन भागांच्या गोंदाचा थेंब लावायचा, आणि शेजारच्या पिसाला गोंद लागू नये म्हणून खाली कागदाची चकती सरकवायची. उजव्या पंखाशी लांबी ताडून पाहिल्याशिवाय एकही पीस चिकटवले नाही. नवव्या पिसापाशी मिलिमीटरभर फरक निघाला, तेव्हा खुंटी काढून पुन्हा कापली.

तिसरा निर्णय वजनाचा, आणि इथे डॉक्टर आणि चाचा यांचे मत जुळेना. ससाणा उडवणारा रोज पक्ष्याचे ग्रॅमवर वजन करतो आणि त्याला थोडा भुकेला ठेवतो, म्हणजे तो आमिषाकडे परत वळतो. डॉक्टरांचे म्हणणे, सोडायच्या पक्ष्याला भुकेला ठेवणे म्हणजे त्याची शिदोरी काढून घेणे. हातावरून पुढे उडू द्यावे, दोरी संपली की उचलून आणावे, तेवढा व्यायाम पुरे. चाचांचा मुद्दा वेगळा होता. सरळ उडणारा पक्षी कबूतर पकडत नाही. वळण, उलटणे, पुन्हा चढणे हे आमिषामागे धावतानाच होते. तोडगा असा निघाला की आलेल्या वजनाखाली एकही ग्रॅम जाऊ द्यायचा नाही, फक्त केंद्रात चढलेली चरबी तेवढी उतरवायची, आणि आमिषाला बाजारातली मेलेली बटेर बांधायची. जिवंत भक्ष्य वापरायचे नाही हे आधीच ठरले होते. मला चाचांचा मुद्दा बरोबर वाटतो, पण डॉक्टरांनी घातलेल्या मर्यादेशिवाय तो धोक्याचा ठरला असता.

उपनगरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर पहाटे उड्डाणे सुरू झाली. घारी उठायच्या आत संपवावी लागत, नाहीतर कावळे आणि घारी मिळून मादीला सळो की पळो करत. सुरुवातीला ती थोडे अंतर जाऊन चोच उघडून बसे. उड्डाणानंतर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हेच डॉक्टरांचे प्रगतिपुस्तक होते आणि तो वेळ हळूहळू कमी होत गेला. एके सकाळी चालायला आलेल्या कोणीतरी व्हिडिओ काढून "शिकाऱ्याला पकडा" अशा मजकुरासह पुढे पाठवला. पोलिसांची गाडी आली. चाचांच्या खिशातल्या पत्राने प्रकरण तिथेच मिटले.

चौथा निर्णय सोडण्याच्या जागेचा. सापडली तिथेच सोडावी हा सर्वसाधारण नियम, पण तिथे पुन्हा तीच जाळी होती. ठाणे खाडीकाठी चिखलपक्ष्यांचे थवे होते, मोकळे आकाश होते आणि तिच्या वाटेवरचा तो स्वाभाविक मुक्काम होता. विजेच्या तारांचा धोका लक्षात घेऊन त्यांच्यापासून दूरची जागा निवडली. सोडण्यापूर्वी आठवडाभर तिला पोटभर खाऊ घालून वजन वाढवले, टोपी बंद केली, माणसांचा वावर थांबवला आणि पायात क्रमांकाचे कडे घातले.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, परवानगीची मुदत संपायच्या आधी, वन अधिकाऱ्यांनी तिला मोकळे केले. त्यानंतर खाडीच्या परिसरात पक्षीनिरीक्षकांनी पायात कडे असलेल्या बहिरी ससाण्याची छायाचित्रे काढली. एका छायाचित्रात तो चिखलपक्षी घेऊन बसलेला आहे. कड्यावरचा क्रमांक वाचता येत नाही, त्यामुळे ती हीच असे प्रमाणपत्र देता येणार नाही. शेपटीच्या मधल्या दोन पिसांवर मात्र बाकीच्यांपेक्षा गडद पट्टे स्पष्ट दिसतात, आणि जोडलेली पिसे तशीच होती. मार्चनंतर असे दर्शन झाले नाही, हे ऋतूला धरूनच आहे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा पहिल्या रात्रीची आहे. शिकारी पक्षी तारेच्या पिंजऱ्यात न ठेवता भोके पाडलेल्या अंधाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला असता, तर शेपटीचे सगळे काम वाचले असते. मदतीला धावणारे स्वयंसेवक आणि रात्रपाळीचे कर्मचारी यांना हे एवढे एकच जरी ठाऊक असले, तरी मुंबईतल्या कित्येक घारींची पिसे वाचतील. खोक्याच्या तळाशी पडलेले पीस फेकायचे नाही, ही त्याला जोडून येणारी सूचना.

कबुतरांच्या जाळ्यांबाबत सोसायटीने जाळी ताणून बसवली असती आणि तिच्यावर ठळक पट्ट्या लावल्या असत्या, तर ती पक्ष्याला दिसली असती. सैल, विरलेली, धागे लोंबणारी जाळी सर्वांत घातक. या इमारतीने दुरुस्ती केली, आजूबाजूच्या इमारतींनी नाही.

पिसांच्या साठ्याचा प्रश्न मात्र व्यवस्थेचा आहे. मृत पक्ष्याचे दहन करण्यापूर्वी पंख आणि शेपटी नोंदणी करून राखता आली, तर मंजुरीची फाइल एकदाच फिरेल. त्याचा गैरवापर होऊ शकतो, ही वन विभागाची भीती अनाठायी नाही. पिसांचाही बाजार आहे. म्हणून साठा केंद्राकडे न ठेवता विभागाच्या ताब्यात आणि क्रमांकित असावा, असा प्रस्ताव डॉक्टरांनी दिला आहे. तो मंजूर व्हावा असे वाटते, पण घाईने आणि ढिसाळ अटींवर होऊ नये.

राहिली विद्या. चाचांचे वय पाहता हे कसब त्यांच्यापाशीच संपणे परवडणारे नाही, आणि ते शिकवण्यासाठी कोणी ससाणा बाळगण्याची मुळीच गरज नाही. घारी शहरात मुबलक आहेत. त्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे, पण संक्रांतीनंतर मांजाने मोडलेल्या पिसांच्या इतक्या घारी केंद्रांत येतात की शिकण्यासाठी हात कमी पडतील. केंद्रातील दोन कर्मचाऱ्यांनी चाचांकडून खुंट्या तासायला आणि टोपी शिवायला शिकून घेतले आहे. घारींची गळालेली पिसे डावी-उजवी आणि क्रमवार लावून ठेवायला त्यांनी विभागाकडे स्वतंत्र अर्ज केला आहे. आमिषावर उडवणे अजून एकट्या चाचांनाच जमते, आणि त्यासाठी मैदान, मुदतीचे पत्र व डॉक्टरांची देखरेख या तिन्हींची जुळणी दर वेळी नव्याने करावी लागणार आहे.